बाळंतपणाचा पैसा बाळंतपणाआधी हवा



आपल्या गटाच्या बैठकीत पैशाच्या गोष्टी नेहमीच निघतात. बियाणं, शेळी, पोरांची फी, लग्नकार्य, सगळ्यासाठी आपण कर्ज मागतो आणि फेडतो. पण गरोदर बाईच्या हातात चार पैसे असले काय आणि नसले काय, याची चर्चा फारशी होत नाही. कुणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं असतं : ‘गरोदरपणाला पैसा कशाला? सरकारी दवाखाना फुकट, गोळ्या फुकट, अंगणवाडीचा आहारही फुकट.’

हे तिन्ही खरं आहे. तरीही हातातल्या पैशानं पोटातल्या बाळाच्या वजनात फरक पडतो, आणि तो मोजूनही पाहिला गेला आहे. मात्र त्यासाठी पैसा वेळेवर यायला हवा. ही वेळ नेमकी कोणती, ते आज समजून घेऊ.

अडीच किलोची रेघ

बाळ जन्मलं की लगेच त्याचं वजन करतात. ते अडीच किलोपेक्षा, म्हणजे २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलं, तर त्याला कमी वजनाचं बाळ म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, आपल्या देशात ज्या बाळांचं वजन नोंदलं गेलं त्यांच्यातली १०० पैकी साधारण १८ बाळं या रेघेच्या खाली होती.

कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं. त्याला अंगावर नीट ओढता येत नाही. जंतुसंसर्ग लवकर होतो. पहिल्या महिन्यात दगावण्याचा धोका त्याला जास्त असतो. पुढं वाढीत मागं राहण्याची आणि मोठेपणी साखरेचा, रक्तदाबाचा आजार होण्याची शक्यताही वाढते. काही बाळं पोटात नीट न पोसल्यामुळे हलकी राहतात. काही दिवस भरायच्या आधीच, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. काहींच्या बाबतीत दोन्ही कारणं असतात.

आता एक हिशेब लक्षात ठेवा. सातव्या महिन्याच्या सुमारास पोटातलं बाळ साधारण एक किलोचं असतं. पूर्ण दिवसांचं सुदृढ बाळ तीन किलोच्या आसपास भरतं. म्हणजे बाळाच्या वजनाचा मोठा वाटा शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत चढतो. आणि आपल्या घरात नेमक्या याच महिन्यांत काय होतं? एक तर बाईला काम झेपेना म्हणून तिची मजुरी बंद होते, नाहीतर मजुरी बुडू नये म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत राबते. बाळाला सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच घरात सगळ्यात कमी असतं.

पैसा बाळापर्यंत पोचतो कसा?

नोट काही बाळ खात नाही. मग पैसा त्याच्यापर्यंत जातो कुठून? चार वाटांनी.

पहिली वाट ताटाची. गरोदर बाईला रोजच्या जेवणापेक्षा सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. साध्या भाषेत सांगायचं तर एक जास्तीची भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. एवढंसं वाटतं, पण रोज हवं. ओढगस्तीच्या घरात आधी कात्री लागते ती दुधाला, अंड्याला आणि डाळीला. भाकरी कशीबशी पुरते, पण कालवण पातळ होतं. त्यात घरातली सून सगळ्यांच्या मागून जेवते. तळाशी राहिलं तेच तिच्या ताटात येतं.

दुसरी वाट विसाव्याची. दिवसभर वाकून निंदणी-खुरपणी करणं, डोक्यावर जड ओझं वाहणं, तासन्‌तास उभं राहणं, यात खाल्लेलं अन्न कामातच खर्ची पडतं आणि बाळाच्या वाट्याला कमी उरतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना हे सांगायला नको. कोयत्यावर उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग सातवा महिना असो की आठवा, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. अशा बाईला ‘आराम कर’ असं नुसतं सांगणं म्हणजे तिची थट्टा आहे. विसाव्यालाही पैसा लागतो.

तिसरी वाट दवाखान्याची. तपासणी फुकट असते, पण जीपचं भाडं फुकट नसतं. जाणारीची मजुरी बुडते, सोबत येणारीचीही बुडते. एखादी तपासणी बाहेरून करायला सांगितली की आणखी खर्च. म्हणून ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ असं होतं. आणि रक्त कमी आहे, दाब वाढला आहे, हे कळायला उशीर होतो. त्याच पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे १०० पैकी ५२ गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं.

चौथी वाट मनाच्या घोराची. उसनवारी कशी फेडायची, दुकानदार उद्या उधार देईल का, हा घोर रात्रंदिवस लागलेला असतो. सततच्या काळजीनं शरीरात काही रस जास्त पाझरतात, रक्तदाबावर परिणाम होतो. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याशी अशा ताणाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

या चारही वाटा एकमेकींना मिळालेल्या आहेत. म्हणून एकटी गोळी किंवा एकटा उपदेश जिथं अपुरा पडतो, तिथं थोडा रोख पैसा चारही बाजूंनी हातभार लावतो.

दूरच्या देशातला पुरावा

‘बरं वाटायला ठीक आहे, पण खरंच फरक पडतो का?’ असं कुणीही विचारेल. याचं एक चांगलं उत्तर कॅनडा देशातून मिळतं.

कॅनडात मॅनिटोबा नावाचा प्रांत आहे. थंडी कडाक्याची, वस्ती विरळ. श्रीमंत देश असला तरी तिथंही गरीब घरं आहेत, आणि तिथल्या मूळ रहिवासी आदिवासी समाजांत गरिबी जास्त आहे. त्या प्रांतानं २००१ साली कमी उत्पन्नाच्या गरोदर बायांसाठी एक योजना सुरू केली. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३२ हजार डॉलरपेक्षा कमी असेल, तर चौथ्या महिन्यापासून बाळंत होईपर्यंत दर महिन्याला पैसे. जास्तीत जास्त रक्कम ८१ डॉलर आणि ४१ सेंट. तिथल्या महागाईत ही काही मोठी रक्कम नव्हती, महिन्याच्या किराण्याला हातभार लागेल एवढीच. बाई गरोदर आहे असा दाखला द्यायचा, अर्ज भरायचा, एवढंच. पैसे कशावर खर्च केले याचा हिशेब कुणी मागत नसे. पैशाबरोबर आहाराची आणि बाळाच्या काळजीची माहितीपत्रकं यायची.

पुढं तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी, मार्नी ब्राऊनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००३ ते २०१० या वर्षांतल्या नोंदी तपासल्या. सरकारी मदतीवर जगणाऱ्या १४ हजारांहून जास्त बाया त्यांनी पाहिल्या. त्यांतल्या १० हजारांहून जास्त बायांना हा महिन्याचा पैसा मिळाला होता, बाकीच्यांना मिळाला नव्हता. गरीब दोघीही होत्या. मग दोघींच्या बाळांची तुलना केली. हा अभ्यास २०१६ साली छापून आला.

काय आढळलं? पैसा मिळालेल्या बायांमध्ये कमी वजनाची बाळं कमी होती आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळंही कमी होती. त्या सगळ्या गरीब बायांचा एकत्र विचार केला, तर या पैशामुळे कमी वजनाचे जन्म सुमारे २१ टक्क्यांनी आणि अपुऱ्या दिवसांचे जन्म सुमारे १७ टक्क्यांनी घटले, असा हिशेब निघाला. म्हणजे जिथं १०० बाळं कमी वजनाची झाली असती, तिथं २१ बाळं त्यातून सुटली. अंगावर पाजायला सुरुवात करणाऱ्या आयांचं प्रमाणही थोडं वाढलं.

या अभ्यासाला मर्यादाही आहेत. पैसा कुणाला मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्या बायांनी अर्ज केला त्या कदाचित आधीपासूनच थोड्या जास्त जागरूक असतील. संशोधकांनी वय, शिक्षण, आजार असे फरक लक्षात घेऊन हिशेब केला, तरी अशी शंका पूर्ण जात नाही. शिवाय थोडी बाळं नेहमीपेक्षा मोठीही जन्मली. पण अमेरिकेतही कमी कमाईच्या कुटुंबांना मिळणारी करसवलत वाढली, तेव्हा त्या घरांत कमी वजनाची बाळं कमी झाल्याचं दिसलं. वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट समोर येते, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मॅनिटोबाच्या योजनेत आपण एक गोष्ट टिपून ठेवायची. तो पैसा गरोदरपणातच, दर महिन्याला यायचा. बाळ वाढत असताना यायचा.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या देशात ही वाट आधी धरली ती तमिळनाडूनं. तिथं डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावानं १९८७ साली गरीब गरोदर बायांसाठी मदत सुरू झाली. तेव्हा रक्कम होती ३०० रुपये. ती २००६ साली ६ हजार, २०११ साली १२ हजार आणि २०१८ साली १८ हजार झाली. या शेवटच्या रकमेत पोषणाच्या वस्तूंचा संचही धरलेला आहे.

केंद्र सरकारनं २०१० साली काही निवडक जिल्ह्यांत इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना सुरू केली. आपल्या राज्यातून तिच्यात अमरावती आणि भंडारा हे जिल्हे होते. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. सरकारी नोकरीतल्या किंवा इतर कायद्यानं असा लाभ मिळणाऱ्या बाया सोडून, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा मातृत्व लाभ मिळावा, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. मैत्रिणींनो, म्हणजे हा पैसा मेहेरबानी नाही, कायद्यानं दिलेला हक्क आहे.

१ जानेवारी २०१७ पासून देशभर प्रधानमंत्री मातृ वंदना योजना लागू झाली. हिच्यात पहिल्या बाळंतपणाला ५ हजार रुपये मिळतात. आता ते दोन हप्त्यांत येतात. पहिला हप्ता ३ हजारांचा : शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नाव नोंदवून किमान एक तपासणी झाली की मिळायचा. दुसरा हप्ता २ हजारांचा : बाळाच्या जन्माची नोंद झाली आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की मिळायचा. एप्रिल २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल, तर एकरकमी ६ हजार रुपये मिळतात. मात्र त्यासाठी गरोदरपणातच नाव नोंदवलेलं असावं लागतं.

याशिवाय जननी सुरक्षा योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. दवाखान्यात न्यायला-आणायला १०२ नंबरची गाडी फुकट आहे.

आता ५ हजारांचं मोल किती ते पाहू. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दरानं ५ हजार म्हणजे जेमतेम १७ दिवसांची मजुरी. कार्यालयात, कारखान्यात नियमित नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ साली बदललेल्या कायद्यानं २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. एकीला २६ आठवडे, दुसरीला १७ दिवस. बाळ मात्र दोघींच्याही पोटात सारखाच वेळ घेतं. म्हणून ही रक्कम वाढावी अशी मागणी रास्त आहे. पण जी आहे तीही वेळेवर मिळाली नाही, तर नुकसान दुप्पट.

गाठ वेळेशी आहे

वरचे हप्ते पुन्हा एकदा पाहा. पोटातलं बाळ वाढत असताना हातात येऊ शकेल असा पैसा फक्त एकच आहे, पहिल्या हप्त्याचे ३ हजार. बाकी सगळं बाळ जन्मल्यावर येतं. दुसऱ्या मुलीचे ६ हजारही नंतर, दवाखान्याचे ७०० रुपयेही नंतर. त्या पैशाचा आईला आणि तान्ह्या बाळाला उपयोग होतोच, अंगावर पाजणारीला चांगलं जेवण लागतंच. पण जन्माच्या वेळचं वजन तोवर ठरून गेलेलं असतं.

आणि हे ३ हजारही उशिरा का येतात? कारणं आपल्या ओळखीची आहेत. ‘तिसरा महिना होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही’ म्हणून नोंदणी राहते. सुनेच्या नावावर खातंच नसतं, किंवा आधारला जोडलेलं नसतं. आधार कार्डावर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती निघून जाते, आणि कार्ड सासरी कपाटात राहतं.

आणखी एक गोष्ट. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये पुष्कळ घरांत येतात. पण त्या योजनेत वयाची अट २१ वर्षांची आहे. एकोणीस-वीस वर्षांची सून पहिलटकरीण असेल तर तिला ते मिळत नाहीत. घरात ज्या सासूबाईंच्या, जाऊबाईंच्या खात्यात ते येतात, त्यांनी त्यातून सुनेसाठी दूध-अंडी लावली, तर महिन्याच्या महिन्याला मिळणारा आधार घरातच उभा राहील.

गटानं करायच्या पाच गोष्टी

एक. पाळी चुकली की लवकरात लवकर आशाताईंकडे किंवा नर्सबाईंकडे नोंद. बारा आठवड्यांच्या आत झाली तर उत्तम. लोकांना सांगायची घाई नको, पण कार्डावर नाव लिहायला उशीरही नको.

दोन. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेचं स्वतःच्या नावाचं बँकेत किंवा पोस्टात खातं. ते आधारला जोडलेलं आहे की नाही, नाव दोन्हीकडे सारखं आहे की नाही, हे दिवस राहण्याआधीच बघून ठेवा.

तीन. कागदांची एक पिशवी. आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, पासबुक, आणि पात्रतेचा एक पुरावा. अन्न सुरक्षेचं रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, यांतलं एखादं असलं तरी चालतं. नवऱ्याचं आधार कार्ड सक्तीचं नाही, म्हणून नवऱ्यानं टाकलेल्या किंवा एकट्या बाईनंही अर्ज करावा. पहिल्या बाळंतपणाला बाईचं वय किमान १८ वर्षं ७ महिने हवं, ही अटही लक्षात असू द्या. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या खेपेला ती नव्यानं पात्र धरली जाते. माहेरी जाताना ही पिशवी तिच्यासोबत जायलाच हवी.

चार. गटाचा पूल. सरकारी हप्ता कधी येईल ते आपल्या हातात नाही, पण गटाची पेटी आपल्या हातात आहे. गरोदर सभासदाला, किंवा सभासदाच्या सुनेला, पाचव्या महिन्यापासून दरमहा ठरावीक रक्कम बिनव्याजी द्यायची, असा ठराव करता येतो. समजा, महिन्याला ५०० रुपये. नववा महिना संपेपर्यंत अडीच हजार होतात. सरकारी हप्ता आला की परतफेड. हप्ता अडकला, तर तगादा न लावता फेडीची मुदत वाढवायची, हेही ठरावातच लिहा. नाहीतर ज्या घोरातून तिला सोडवायचं, तोच घोर आपण तिला लावू.

पाच. पैसा तिच्या हातात, आणि खर्च तिच्यावर. आलेले ३ हजार खताच्या बिलात किंवा दिराच्या लग्नात गेले, तर बाळाला काय मिळालं? सासूबाईंनो, हे तुमच्याशी बोलणं आहे. घरात तुमचा शब्द चालतो. सुनेला पहिल्या पंगतीला बसवा. तिच्या वाटचं ओझं शेवटचे तीन महिने दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर द्या.

पैशानं सगळंच होतं असं मात्र समजू नका. मिश्री आणि चुलीचा धूर बाळाचं वजन कमी करतात, ते पैशानं भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत. अंगावर सूज, डोळ्यांपुढं अंधारी, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर पैशाची वाट न बघता १०८ ला फोन लावून दवाखाना गाठायचा. पैसा आणि दवाखाना दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली की एवढंच विचारा : आपल्या वस्तीत सध्या कितव्या महिन्याच्या किती बाया आहेत, त्यांतल्या कितींचा अर्ज भरला आहे, आणि कितींच्या खात्यात पहिला हप्ता आला आहे? तीन आकडे वहीत लिहा. जिचा आला नाही तिच्यासोबत दोघींनी अंगणवाडीत जा, तिथं काम झालं नाही तर तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. एकटीला ‘उद्या या’ म्हणतात, गटाला तसं म्हणणं जड जातं.

आणि ती बाळंत झाली की बाळाचं वजनही त्याच वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी ती वही उघडलीत, तर आपल्या गटानं काय केलं ते तुम्हाला तिथं ग्रॅममध्ये वाचता येईल.